प्रतिसाद: आधी विद्युतधारा काढा

ताई, लेकीचं नववीचं गणित असं: 20, 40, 60 ओहमचे रोध एकसर जोडणीत, म्हणजे एकामागे एक, 40 वर 2 व्होल्ट, तर बॅटरी किती व्होल्टची? वर एकांनी 2 गुणिले 3 करून 6 सांगितलंय. उत्तर बरोबर, पण योगायोगानं. 40 ही नेमकी तिघांची सरासरी आहे! 60 च्या जागी 100 घ्या, 40 वर 2 च ठेवा. बॅटरी 8 ची निघते. एकसर जोडणीत धारा सगळीकडे तीच, म्हणून आधी ती काढायची: 2 भागिले 40, म्हणजे 0.05 अँपिअर. एकूण रोध 120, गुणाकार 6. सांगलीत माझ्या शिकवणीत पोरं चार पेन्सिल सेल जोडून मल्टिमीटरची टोकं एकेका रोधावर टेकवतात. जवळपास 1, 2, 3 व्होल्ट दिसलं की स्वतःच बेरीज करतात.