मदत हवी आहे: इलेक्ट्रिक वॉटर पंप लावल्यावर इंजिनाचं हेड मागून तापतंय

गाडी १.३ लिटर जिप्सी, फक्त ऑटोक्रॉससाठी (छोट्या ट्रॅकवरची वेळेची शर्यत). मूळ पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) काढून मिनिटाला ८० लिटरचा १२ व्होल्टचा पंप रेडिएटरच्या खालच्या होजमध्ये बसवलाय, ब्लॉककडे ढकलणारा. थर्मोस्टॅट काढलाय. पंप चालवणारा कंट्रोलर ८५ अंशांवर, सेन्सर वरच्या होजमध्ये.

तिसऱ्या फेरीनंतर सेन्सर ९० दाखवतो, पण इन्फ्रारेड गनने हेडची चार नंबर सिलिंडरकडची, म्हणजे मागची बाजू ११२! कंट्रोलरला सगळं आलबेल.

गाडीचं तोंड जॅकवर चढवून दोनदा कूलिंगमधली हवा काढली. पंपाला जेमतेम ११.६ व्होल्ट मिळत होते. रिले आणि जाड वायर टाकून १३.५ केले, फरक शून्य. हेड गास्केट तपासलं, ठीक. खालच्या होजमध्ये स्प्रिंग आहे, तो चेपत नाही.

संशय केबिन हीटरच्या रिटर्न नळीवर. ती मूळ पंपाच्या इनलेटला जोडलेली आहे. आधी तिथे ओढ असायची, आता दाब. म्हणजे थंड पाणी हीटरमधून उलटं जाऊन, ब्लॉकला वळसा घालून सेन्सरपाशी मिसळतंय. ती नळी चिमट्याने दाबली तर सेन्सर लगेच ९८ वर गेला.

हीटर काढला तरी चालेल, मात्र रेडिएटर बदलायचं बजेट नाही. ड्रिलिंग, टॅपिंग इथे बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत होईल.

तर हीटरची दोन्ही टोकं नुसती बंद करू, की हेडच्या मागून ६ मिमीची नळी काढून रेडिएटरच्या वरच्या टाकीत सोडू? आणि काढायची तर या हेडला नेमकं कुठे ड्रिल मारायचं?