उंडीचं तेल मुरमांच्या डागांवर लावू का? लेकीसाठी विचारतेय

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण प्लीज वाचा. आम्ही कराडला असतो, लेक यंदा अकरावीला आहे. नववीपासून तिला मुरूम येतात, मध्ये फारच आले होते, आता कमी झालेत पण दोन्ही गालांवर आणि हनुवटीला तपकिरी डाग राहिलेत, मसुराच्या डाळीएवढे, पंधरा-वीस तरी असतील. दोन-तीन अजून लाल आहेत आणि पाळीच्या आधी हनुवटीवर एखादा नवीन येतोच. परवा मावसबहिणीच्या हळदीला सगळ्या पोरी पुढे उभ्या आणि ही मागे ओढणी तोंडाशी धरून, मला बघवत नाही हो.

माझी आत्या वेंगुर्ल्याला दिलेली, तिने उंडीचं तेल पाठवलंय, खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत. हिरवट-काळं आहे, काकवीसारखं दाट, मेथ्या जास्त भाजल्या की येतो तसा कडवट वास. आत्या म्हणते भाजलेलं, कापलेलं, खरचटलेलं सगळ्यावर त्यांच्याकडे हेच लावतात, डाग राहत नाही. यूट्यूबवर बघितलं तर हेच तेल परदेशात तमानू नावाने इवल्याशा बाटलीत महाग विकतात म्हणे. तर हे रात्री चेहऱ्यावर सरळ लावायचं का खोबरेलात मिसळून? किती दिवस लावायचं? कोणी स्वतः वापरलं असेल तर खरं काय ते सांगा.

तारकर्ली_किनारा

ताई, उंडी आमच्या दारातलंच झाड त्यामुळे लिहितो. समुद्राच्या अगदी कडेला वाळूत वाढतं, खारं वारं त्याला काही करत नाही. फळं गोल, हिरवी, गोट्यांएवढी. वटवाघळं वरचा गर खातात आणि बी खाली टाकतात, सकाळी आम्ही पोरं पिशवी घेऊन गोळा करायला जायचो. आता मुद्द्याचं म्हणजे ताजी बी फोडली तर आत पांढरट गर असतो, त्यात तेल जवळजवळ नसतंच. महिना-दोन महिने उन्हात वाळवल्यावर तो गर तांबूस-तपकिरी होतो, हाताला चिकट लागायला लागतो, तेव्हा कुठे घाण्यावर न्यायचा. अर्धवट वाळलेली बी घातली किंवा बुरशी धरलेली घातली तर तेल लवकर खवट होतं. म्हणून आत्याला एवढं विचाराच की कधीचं काढलेलं आहे आणि कुठे ठेवलेलं होतं.

वापराचं म्हणाल तर आमच्याकडे पूर्वी हे दिव्यात जायचं. आजी सांधे दुखले की कोमट करून चोळायची, पायाला शिंपला कापला की जखम भरत आल्यावर वरून लावायची आणि ते व्रण खरंच मऊ पडायचे, माझ्या पोटरीवर आहे एक. पण तोंडाला कोणी लावलेलं मी घरात पाहिलं नाही. तोंडाला, ओठांना, टाचांच्या भेगांना मुठेल. म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, बिया कुटून पाण्यात उकळतात, वर येणारं तेल काढून थिजवतात आणि मुठीत दाबून अंड्यासारखे गोळे करतात म्हणून मुठेल. कडक असतं, पण कातडीवर घासलं की अंगाच्या ऊबेने विरघळतं. चिकट होत नाही. मुरमांवर ते चालेल का मला माहीत नाही, त्यावर जाणकारांनी बोलावं.

औषधांची_चिठ्ठी

मी फार्मसिस्ट आहे, अठरा वर्षं स्किनच्या ओपीडीला लागूनच्या मेडिकलमध्ये काढलीत, रोज चार तरी आया हाच प्रश्न घेऊन येतात म्हणून कळकळीने लिहितेय.

आधी डाग कसला आहे ते बघा. बोट फिरवलं तर कातडी सपाट लागते पण रंग गडद आहे, तर तो व्रण नाहीच, सुजेनंतर राहिलेला रंग आहे. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत मुरूम, डास, खरचटणं, कशानेही सूज आली की तिथे रंगद्रव्य जास्त तयार होतं आणि मागे राहतं. हा रंग बहुतेक वेळा आपोआप फिकट होतो, पण त्याला तीन ते सहा महिने लागतात, खोलवर गेलेला असेल तर वर्षही लागतं. लोक दुसऱ्या महिन्यात एखादं तेल सुरू करतात, पाचव्या महिन्यात डाग जातो आणि नाव तेलाचं होतं. आणि जिथे बोट खाली जातं, खड्डा लागतो, तो व्रण. तो कुठल्याच तेलाने भरत नाही, त्यावर डॉक्टरकडे वेगळे उपाय असतात.

तुमच्या लेकीला अजून नवीन मुरूम येताहेत हे यात सगळ्यात महत्त्वाचं आहे. म्हणजे नळ चालूच आहे आणि आपण फरशी पुसतोय. उंडीचं तेल दाट आणि जड आहे, खोबरेलसुद्धा मुरमाच्या चेहऱ्यावर छिद्रं बुजवणारं. दोन्ही मिसळून रात्रभर गालावर ठेवलंत तर महिन्याभरात बारीक पांढरे दाणे उठायची शक्यता मोठी, आणि प्रत्येक नवीन दाणा म्हणजे नवीन डाग. मुरूम पूर्ण थांबले, सहा महिन्यात एकही नाही आणि एखादाच जुना व्रण आहे, तर तेवढ्यावर थेंबभर उंडी लावायला माझी हरकत नाही. सबंध चेहऱ्यावर नको.

तेल लावायचंच असेल तर करडईचं बघा, सोलापूर-मराठवाड्यात घरोघरी असायचं ते. त्यात लिनोलिक आम्ल नावाचं स्निग्धाम्ल सत्तर टक्क्यांच्या वर असतं, हलकं असतं, आणि मुरूम येणाऱ्यांच्या कातडीच्या स्वतःच्या तेलात नेमकं हेच आम्ल कमी सापडतं. फक्त गाल कोरडे पडत असतील तर, आंघोळीनंतर ओलसर चेहऱ्यावर दोन थेंब, बास. फोडणीचं रिफाइंड नको, घाण्याचं ताजं, थोडंच आणा.

आणि सकाळी सनस्क्रीन, एसपीएफ तीसच्या वरचं. हे एक केलंत आणि बाकी काहीच नाही केलंत तरी डागात फरक पडेल. कॉलेजला स्कूटीवरून जात असेल तर ओढणीसुद्धा उन्हासाठीच बांधू दे.

सांगोल्याची_सून

वरच्या ताईंचं उन्हाचं वाचलं आणि राहवेना. माझ्या हनुवटीखाली नखाएवढा फिकट डाग होता, बाकी काही नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या पांढऱ्या डागाला बावचीचं तेल. काष्ठौषधीच्या दुकानातून छोटी बाटली आणली, कापसाने लावलं, आणि एप्रिल महिना, गच्चीवर कुरडया घातलेल्या, मी दहा ते बारा तिथेच कावळे हाकत बसलेले. त्या दिवशी नुसतं चुरचुरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाल, तिसऱ्या दिवशी सकाळी उशीला चिकटली हनुवटी, पाण्याने भरलेला फोड, बिब्बा उतल्यासारखा. शिवाय तेल ओघळून मानेवर जिथपर्यंत गेलं होतं तिथपर्यंत बरोब्बर तेवढाच पट्टा भाजलेला. फोड पंधरा दिवसांत बसला पण मागे काळा पट्टा राहिला, तो जायला पुढचा दसरा उजाडला. नखाएवढ्या डागापायी.

नंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बावचीत सोरालेन नावाचं द्रव्य असतं, त्याने ती जागा उन्हाला फार हळवी होते, कोडाच्या उपचारात ते मिनिटं मोजून वापरतात. आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तरी हाच प्रकार होतो म्हणे. आमच्याकडे तर पोरी लिंबू-मध सर्रास लावतात. झाडापासून आलेलं म्हणजे निरुपद्रवी, हे मी तेव्हा मनापासून मानत होते. बिब्बा आणि काजूच्या टरफलाचं तेलही झाडाचंच की, हे डोक्यात आलं नाही.

कृष्णाकाठ

बापरे, सांगोल्याच्या ताई, वाचून काटा आला. आणि चिठ्ठीताई तुम्ही फार नीट सांगितलंत, काल रात्री लेकीचा गाल बोटाने तपासला, सगळे सपाट लागले, फक्त उजव्या कानशिलाजवळ दोन बारीक खड्डे आहेत. तिलाच आधी रडू आलं आणि मग सपाट म्हणजे जाणारे डाग म्हटल्यावर जरा हसली.

अजून दोन गोष्टी विचारते. टी ट्री ऑइल मैत्रिणीने दिलंय तिला, ते थेट मुरमावर लावते. ते ठीक का? आणि कडुलिंबाचं तेल? शिवाय आमच्या ह्यांच्या पाठीवर पांढुरकी शिबं आलीत, घामाने वाढतात, ते रोज खोबरेल चोळतात त्यावर.

औषधांची_चिठ्ठी

टी ट्रीचं थेट लावणं आजच बंद करा. मुरमांसाठी माणसांवर नीट तपासलं गेलेल्या तेलांत त्याचं नाव आहे हे खरं. ऑस्ट्रेलियात १९९० साली १२४ जणांवर तुलना केली होती, एकीकडे ५ टक्के टी ट्री, दुसरीकडे ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड, म्हणजे मुरमांवरचं नेहमीचं औषध. दोन्हींनी मुरूम कमी झाले, टी ट्रीला वेळ जास्त लागला पण जळजळ-कोरडेपणा कमी. पण नीट बघा, पाच टक्के, तेही जेलमध्ये. बाटलीतलं निव्वळ तेल म्हणजे शंभर टक्के. म्हणून तयार पाच टक्क्यांचं जेल मिळतं तेच आणा, फक्त मुरमावर टेकवा. बाटली उघडून बरेच महिने झाले असतील तर टाकून द्या, हवा लागून ते तेल बदलतं आणि मग त्याचीच अ‍ॅलर्जी येते. पोटात गेलं तर विषारी, घरात लहान मूल असेल तर कुलपात ठेवा.

कडुलिंबाचं तेल खाजेवर, नायट्याच्या आजूबाजूला लोक लावतात, करंज तेलही. पण चेहऱ्याला निव्वळ कडुलिंब चुरचुरतं, वास तर आहेच, आणि मुरमाच्या बाबतीत तुमच्या लेकीला त्याची गरज नाही. आणि कुणाच्या सांगण्यावरून लहान मुलांना जंतांवर चमचाभर पाजू नका, बाळांना त्याने झटके येऊन जिवावर बेतलेलं आहे.

काहीही नवीन लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत दिवसातून दोनदा, आठवडाभर. खाज-लाली आली की थांबायचं. एका रात्रीच्या टेस्टने कळत नाही, अ‍ॅलर्जी उठायला दिवस लागतात.

शिबं म्हणजे कातडीवर नेहमी राहणारीच एक बुरशी घाम-तेलकटपणात फोफावते. तिचं खाणंच तेल आहे, खोबरेलातली बरीचशी स्निग्धाम्लं तिला पोसतात. ह्यांचं चोळणं थांबवा, कीटोकोनॅझोलचा, म्हणजे बुरशी मारणारा शाम्पू डॉक्टरांना विचारून पाठीला लावा. शिबं गेल्यावरही पांढुरका रंग दोन-तीन महिने राहतो, तेव्हा औषध लागू पडलं नाही म्हणून घाबरू नका.

एक पाया पडून सांगते, मेडिकलमधून कोणीही पांढरी ट्यूब देऊन म्हणालं की याने डाग आठ दिवसांत जातात, तर घेऊ नका. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. आठ दिवस चेहरा उजळतो, मग सोडली की लाल होतो, पुन्हा लावावी लागते, कातडी कागदासारखी पातळ होते. मी स्वतः काउंटरवरून अशा किती पोरींना परत पाठवलंय.

पाड्यावरची_ताई

मी आरोग्यसेविका, पालघरकडे. थोडं वेगळं सांगते, वरच्या कोणाला लागू नाही पण वाचणाऱ्याला होईल. फिकट किंवा तांबूस चट्टा असेल आणि तिथे कापूस फिरवला तर कळत नसेल, घाम येत नसेल, तिथले केस गळले असतील तर कुठलंही तेल चोळत बसू नका, सरळ जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. कुष्ठरोगाची तपासणी आणि गोळ्या दोन्ही फुकट आहेत, सहा महिने नाहीतर वर्षाचा कोर्स, लवकर धरला तर हाता-पायाला सहसा काही होत नाही. आमच्याकडे एक बाई दोन वर्षं करंज तेल लावत राहिली, चट्टा दुखत नाही म्हणून तिला वाटलं बरा होतोय.

पूर्वी या रोगावर कडू कवठाच्या बियांचं तेल देत असत, इंजेक्शनसुद्धा, साधारण १९४० नंतर गोळ्या आल्या तसं ते मागे पडलं. आता त्याच्या वाटेला जायचं कारण नाही.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. स्किनच्या डॉक्टरांचा सोमवारचा नंबर लावलाय, पाळीच्या आधी हनुवटीवर येतात हे त्यांना मुद्दाम सांगणार आहे. टी ट्रीची बाटली काढून घेतली, सनस्क्रीन आणलं, लेकीने स्वतः दुकानात एसपीएफ वाचून घेतलं.

आत्याला फोन केला होता. ती म्हणाली तेल तीन वर्षांपूर्वीचं आहे आणि चुलीच्या वरच्या फळीवर असायचं. आता त्याचं काय करू? टाकायला जीव होत नाही, तिने इतक्या प्रेमाने पाठवलंय.

तारकर्ली_किनारा

चुलीवरची फळी म्हणजे रोजची धग, ते खवटच झालं असणार. कातडीला लावू नका, टाकूही नका. मातीच्या पणतीत जाड वात घालून अंगणात तुळशीपाशी लावा, घरात नको, काजळी फार धरतं. आणि आत्याला सांगा मेमध्ये कोकम झाली की यंदा मुठेलाचा एक गोळा पाठव, चेहऱ्यासाठी नाही, तुमच्या टाचांसाठी. कोरड्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवा, उन्हाळ्यात कराडला विरघळेल म्हणून खाली वाटी ठेवायला विसरू नका.