आपलंच सोनं, तेही उसनं?

भटकभवानी
घानातलं कुमासी ही आशांती राज्याची राजधानी. १८७४ साली इंग्रजांनी ती जाळली, दगडी राजवाडा सुरुंगाने उडवला आणि सोनंनाणं लंडनला नेलं. १५० वर्षांनी, मे २०२४ मध्ये, ३२ वस्तू कुमासीच्या मान्हिया राजवाड्यातल्या संग्रहालयात मांडल्या गेल्या. बहुतेक लुटीतल्याच. १७ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या, १५ तिथल्याच ब्रिटिश म्युझियमच्या. परत दिल्या? छे, तीन वर्षांच्या बोलीवर उसन्या! चोराने आपलंच मंगळसूत्र आपल्याला चार दिवस घालायला द्यायचं आणि वर पावती लिहून घ्यायची, त्यातली गत. आशांतींचे आजचे राजे ओसेई तुतू दुसरे यांनी 'नको' म्हणायला हवं होतं.

खडीसाखर
'नको' म्हणून काय मिळालं असतं? १९६३चा ब्रिटिश म्युझियम कायदा विश्वस्तांचे हात बांधतो, मोजके अपवाद सोडले तर वस्तू कायमची देता येत नाही. संसदेने तो बदलेपर्यंत कुमासीतल्या आणखी दोन पिढ्या फोटोच बघत बसणार. आलेल्या वस्तूंत तळहातात मावेल अशी सोन्याची नक्षीदार चकती आहे. राजाच्या आत्म्याची शुद्धी करणारा सेवक ती गळ्यात घालायचा. ती घरच्या माणसांनी काचेआडून का होईना, डोळ्यांनी पाहिली. मला हे मोठं वाटतं.

भटकभवानी
कायदा त्यांचा, अडचण त्यांची. अमेरिकेतल्या फाउलर संग्रहालयाने त्याच वर्षी फेब्रुवारीत सात वस्तू कायमच्या देऊन टाकल्या. मनात असलं की होतं.

सातारी झटका
फार बोलू नका, आपण काय केलं? जुलै २०२४, तेच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, तीच तीन वर्षं, आणि वाघनखं आली आमच्या साताऱ्यात. तेव्हा कुणी म्हणालं का, उसनी नकोत म्हणून?

भटकभवानी
तुलना अर्धीच जुळते. वाघनखं साताऱ्यातला इंग्रज अधिकारी ग्रँट डफ याच्या वंशजांकडून तिथे गेली, आणि महाराजांनी वापरलेली ती हीच, अशी खात्री खुद्द संग्रहालयही देत नाही. कुमासीच्या बाबतीत शंकेला जागाच नाही. लुटीचा माल त्याच वर्षी लंडनच्या एका सराफी पेढीत विकायला मांडला होता, संग्रहालयाने तिथून घेतला. नोंदी त्यांच्याच आहेत.

उंटावरचा
आशांतींनीही माणसं पकडून गोऱ्यांना विकलीच होती की. त्या सोन्याला कुणाकुणाचं रक्त लागलंय, तेही मोजा.

खडीसाखर
मोजू या, वेगळा धागा काढा. पण म्हणून ते सोनं लंडनचं कसं झालं? शिवाय लुटीवर ५०,००० औंस सोन्याची खंडणी लादली होती, ती वेगळीच.

आणि भटकभवानी, राजाला भोळा समजू नका. हा करार घाना सरकारशी नाही, थेट राजाशी झालाय. खरी गोष्ट तर इंग्रजांच्या हाती कधी लागलीच नाही. सोन्याचं आसन! त्यात अख्ख्या जमातीचा आत्मा आहे असं मानतात, राजासुद्धा त्यावर बसत नाही. १९०० साली इंग्रज गव्हर्नर हॉजसनने ते बसायला मागितलं, तर 'या असांतेवा' नावाची एजिसू गावची राजमाता लढाईला उभी राहिली. लढाई हरले, पण आसन लपवलेलंच राहिलं.

भटकभवानी
हे मान्य. आसनाबद्दल दंडवत. पण २०२७ ला पेट्या पुन्हा भरायच्या का?

खडीसाखर
आणखी तीन वर्षं मुदतवाढीची सोय आहे.

भटकभवानी
म्हणजे २०३० ला हाच धागा वर काढते.