ब्युरोच्या पॅकेजमध्ये आईचा शब्द कसा चालेल?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)
नमस्कार. माझी आई ७६ वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी तिला पॅरालिसिसचा झटका आला आणि डावी बाजू गेली. बोलणे मात्र स्पष्ट आहे आणि विचार पूर्वीइतकेच पक्के आहेत. मी पुण्यात असल्यामुळे एका ब्युरोशी महिन्याच्या पॅकेजचा करार केला आहे: बारा तासांची केअरटेकर, आठवड्यातून तीन दिवस फिजिओथेरपी आणि महिन्यातून एकदा नर्सची भेट. कोणती बाई येणार, अंघोळ कधी घालायची, हे सारे सुपरवायझर ठरवतो. विचारायचेच झाले तर मला विचारतो, आईला नाही. सहा महिन्यांत चार बायका बदलल्या. आयुष्यभर पहाटे पाचला अंघोळ करून पूजेला बसणाऱ्या आईला आता अकरापर्यंत पारोसे राहावे लागते आणि हे सांगताना ती फोनवर रडते. करार मोडायचा नाही, कारण बाई आली नाही तर बदली पाठवणारे कोणीतरी हवेच. व्यवस्था ब्युरोकडे ठेवून निर्णय आईकडे देता येतील का?

प्रतिसाद १ (मूळ मिरज, सध्या विस्कॉन्सिन, अमेरिका)
देता येतात. येथे मेडिकेड या सरकारी योजनेतून राज्य सरकार एखाद्या संस्थेला प्रत्येक लाभार्थ्यामागे दरमहा ठरावीक रक्कम देते आणि त्यात घरची शुश्रूषा बसवण्याची जबाबदारी त्या संस्थेची असते, म्हणजे तुमच्या पॅकेजचेच मोठे रूप. तरीही विस्कॉन्सिनच्या ‘फॅमिली केअर’मध्ये किंवा २०१० साली सुरू झालेल्या टेनेसीच्या ‘चॉइसेस’मध्ये लाभार्थी ठरावीक सेवांची सूत्रे स्वतःकडे घेऊ शकतो: मदतनीस निवडणे, त्याला काम शिकवणे, वेळा ठरवणे आणि पटले नाही तर त्याला काढणे. पगाराचा आणि कराचा हिशेब मात्र वेगळी यंत्रणा पाहते, त्यामुळे आजारी माणसाच्या डोक्यावर कागदपत्रांचे ओझे येत नाही. माझ्या मते सारे मर्म या विभागणीत आहे. १९९८ मध्ये आर्कान्सासपासून सुरू झालेल्या प्रयोगात काही लोकांना सेवेऐवजी तिच्या खर्चाचा अधिकार दिला गेला. कोणाला द्यायचा हे चिठ्ठीसारख्या पद्धतीने ठरले. त्यांचे समाधान इतरांपेक्षा वाढले आणि प्रकृतीची हेळसांडही वाढलेली दिसली नाही. आपल्याकडे अशी सरकारी रक्कम नाही. आयुष्मान भारतमधून रुग्णालयातले उपचार मिळतात, घरच्या केअरटेकरचा पगार नाही. पण तुम्ही स्वतः पैसे देत आहात, म्हणून करारात हे लिहून घेणे तुमच्या हातात आहे.

प्रतिसाद २ (निवृत्त परिचारिका, मिरज)
अंघोळीची वेळ, जेवण, साडी की गाऊन, टीव्ही, कोण भेटायला येणार, हे सर्वस्वी आईंचे. कूस बदलण्याचे वेगळे आहे: दर दोन तासांनी ती बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. तरीही ‘डॉक्टरांनी सांगितले आहे’ एवढ्यावर न थांबता कारण त्यांना समजावावे. झोपमोड नको म्हणाल्या तर हवेची गादी आणि रात्रीच्या वेळांबद्दल डॉक्टरांशी त्यांच्यासमोरच बोलावे. त्यांच्या डोक्यावरून नव्हे. दुसरी बाजूही पाहा. पहाटे पाचला अंघोळ म्हणजे लांबून येणाऱ्या बाईने तीनला उठायचे. तो भार तिच्यावर लादू नका. पाळी बदलत असेल तर जादा पैसे द्यायची तयारी ठेवा.

प्रतिसाद ३ (गोडोली, सातारा)
मी अकरा वर्षे व्हीलचेअरवर आहे. सुरुवातीला भाऊ माझ्या वतीने सारे ठरवत असे, प्रेमानेच, आणि तेच मला जास्त जड गेले. आता करारात दोन कलमे आहेत. नवा माणूस आधी अर्धा दिवस येतो आणि होकार मी देतो. हजेरीची वही माझ्याकडे असते. पगार ब्युरो देते, पण माझी सही नसेल तर तो दिवस भरत नाही. या वहीमुळे सुपरवायझर फोन भावाला न करता मला करू लागला. बदलीसाठीही माझ्या ओळखीचे दोघे आधीच नोंदवून ठेवले आहेत.

प्रश्नकर्ती
सर्वांची आभारी आहे. रविवारी सुपरवायझरला घरी बोलावले आणि आईशीच बोलायला बसवले. पाचची पाळी जमणार नाही, सहाची जमेल, असे तो म्हणाला. आईने त्या बाईंना विचारले की घरून किती वाजता निघावे लागेल, आणि मग साडेसहा ठरवले. वही उजव्या हाताला खिळ्याला टांगायला सांगितली आहे.