रोबोटने रचलेली खोक्यांची थप्पी टिकेल की कोसळेल, हे आधी कसे ओळखावे?

पांझराकाठ (जळगाव) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी मूळची धुळ्याची असून जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात स्वयंचलनाचे काम पाहते. आमच्याकडून ठिबक सिंचनाचे जोडसाहित्य, म्हणजे व्हॉल्व्ह, फिल्टर, कोपरे वगैरे, पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून कंटेनरने परदेशी जाते. खोकी निरनिराळ्या मापांची आणि वजनांची असतात, ती पट्ट्यावरून ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने रोबोटने उचलून रचायची असतात, आणि पुढचे खोके कोणते येणार हे रोबोटला ठाऊक नसते. त्यामुळे प्रत्येक खोके ठेवण्यापूर्वी ‘येथे ठेवले तर थप्पी टिकेल का’ याचे उत्तर यंत्राने स्वतःच, आणि तेही सेकंदाच्या आत, द्यावे लागते.

सध्या आम्ही एकच नियम वापरतो: खोक्याच्या तळाच्या किमान ६० टक्के भागाला खालून आधार मिळत असेल, तर ती जागा योग्य मानायची. संगणकावरील प्रतिरूपात हा नियम चांगला चालला. प्रत्यक्षात मात्र तिसऱ्या-चौथ्या थराला थप्पी ढासळते. गेल्या आठवड्यात रोबोटने ठेवलेले खोके पूर्ण तळानिशी टेकलेले असताना त्याच्या खालचे खोके कलंडले आणि शेजारच्या पाच खोक्यांना घेऊन खाली आले. तेथे उभ्या असलेल्या आमच्या एका सहकाऱ्याच्या पायाला थोडक्यात दुखापत टळली, तेव्हापासून मी काम थांबवले आहे.

मर्यादा ६० वरून ८० टक्क्यांवर नेली, तर कंटेनरमधील बरीच जागा रिकामी राहते. नियम कडक करावा, प्रत्येक वेळी भौतिकीचे प्रतिरूप चालवून पाहावे, की उदाहरणांवरून शिकणारे प्रारूप तयार करावे? ज्यांनी या विषयात काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सातपुडा_पायथा (शिरपूर) यांचे उत्तर

ताई, मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना यंत्रशास्त्र शिकवतो, म्हणून आधी गणिताच्या बाजूने लिहितो. आपण वर्णन केलेला अपघात हा योगायोग नाही. आपला नियम फक्त नव्या खोक्याकडे पाहतो, आणि नवे खोके ठेवल्यामुळे खालच्यांचे काय होईल हे तो विचारतच नाही.

एक साधे उदाहरण कागदावर काढून पाहा. ४० सेंटिमीटर लांबीचे, १२ किलोचे खोके ‘अ’ असे ठेवले आहे की त्याचा डावीकडचा २४ सेंटिमीटर भाग टेकलेला आणि उजवीकडचा १६ सेंटिमीटर भाग अधांतरी आहे. आधार बरोबर ६० टक्के आहे, गुरुत्वमध्य डाव्या कडेपासून २० सेंटिमीटरवर, म्हणजे आधाराच्या ४ सेंटिमीटर आत आहे, आणि खोके स्थिर आहे. आता २० सेंटिमीटर लांबीचे, १२ किलोचेच खोके ‘ब’ त्याच्या उजव्या अर्ध्या भागावर ठेवा. ‘ब’चा तळ शंभर टक्के टेकलेला असल्यामुळे आपला नियम त्याला आनंदाने मान्यता देईल. परंतु ‘ब’चा गुरुत्वमध्य ३० सेंटिमीटरवर आहे, दोघांचा मिळून २५ वर जातो, आधार २४ वर संपतो, आणि ‘ब’ला घेऊन ‘अ’ उलटते.

म्हणून आधाराची टक्केवारी हे मुळात चुकीचे माप आहे. खोके ज्या बिंदूंवर टेकते त्यांना भोवतीने ताणलेली दोरी गुंडाळली, तर जो बहुभुज तयार होतो तो आधाराचा बहुभुज. त्या खोक्यावर येणाऱ्या एकूण भाराची रेषा या बहुभुजात पडते का, हे पाहायचे असते. खोके नुसत्या चार कोपऱ्यांवर टेकले, तर क्षेत्रफळाने आधार अगदी थोडा असूनही बहुभुज संपूर्ण तळाएवढा होतो. या विषयावरील बऱ्याच चर्चिल्या गेलेल्या एका संशोधनात म्हणूनच तीन पर्यायांचा नियम वापरलेला आहे: ६० टक्के आधार आणि चारही कोपरे, किंवा ८० टक्के आणि तीन कोपरे, किंवा ९५ टक्के. आपल्याकडे त्यातील ६० चा आकडा आलेला दिसतो, पण त्याच्या जोडीची कोपऱ्यांची अट गळलेली आहे.

ही अट लावूनही प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण ज्या खोक्यावर कोपरा टेकला आहे ते स्वतः अधांतरी टोकावर भार घेत असू शकते. त्यासाठी संपूर्ण थप्पीचा हिशेब एकदम मांडावा लागतो. प्रत्येक स्पर्शाच्या जागी वर ढकलणारे बल अज्ञात धरायचे, ते शून्यापेक्षा कमी असू शकत नाही अशी अट घालायची (खोके खोक्याला ओढून धरत नाही, फक्त ढकलते), आणि प्रत्येक खोक्यासाठी उभ्या बलांचे एक व फिरवणाऱ्या परिणामांची दोन अशी तीन समीकरणे लिहायची. ही सगळी समीकरणे एकाच वेळी पूर्ण करणारे उत्तर सापडले, तर थप्पी तोल सांभाळू शकते. असे कोणतेच उत्तर नसेल, तर ती कोसळणारच. हे लिनिअर प्रोग्रॅमिंगचे (सरळ रेषीय समीकरणे व अटी पाळणारे उत्तर शोधण्याच्या गणिती पद्धतीचे) साधे उदाहरण आहे, आणि काही शे खोक्यांसाठीही आजचा संगणक ते फार वेगाने सोडवतो. बलांचे नेमके वाटप मात्र त्यातून एकमेव असे मिळत नाही. चार पायांच्या टेबलाच्या कोणत्या पायावर किती भार आहे हे केवळ समतोलाच्या समीकरणांवरून ठरत नाही, तसेच हे आहे.

मालधक्का (सावदा) यांचे उत्तर

मी संगणकाचा माणूस नाही. केळीच्या निर्यातीच्या भराईवर देखरेख करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहितो.

प्राध्यापक महोदयांच्या उदाहरणात खोक्याचे वजन मधोमध आहे. आपल्या खोक्यांत सुटे व्हॉल्व्ह आणि कोपरे असतील, तर पट्ट्यावरून येताना, वळणावर आणि रोबोटने उचलताना ते एका बाजूला सरकणारच. आमचे जुने मुकादम खोके हातात घेतल्याबरोबर ‘हे उजवीकडे जड आहे’ असे सांगत आणि जड बाजू आतल्या अंगाला करून ठेवत. आपल्या रोबोटला हे कळते का, हे आधी पाहावे.

दुसरी गोष्ट पुठ्ठ्याची. खोक्याची ताकद त्याच्या चार उभ्या कडांमध्ये असते, मधला पत्रा त्या मानाने फार कमी भार घेतो. पोत्यांची थप्पी मारताना आपण गवंड्याप्रमाणे सांधे मोडत जातो, म्हणजे वरचे पोते खालच्या दोघांवर बसते आणि थप्पी एकमेकांत गुंतते. तीच सवय पुठ्ठ्याच्या खोक्यांना लावली, की वरच्याची कड खालच्याच्या नरम पोटावर येते आणि दोन दिवसांनी ते पोट बसते. केळीची खोकी आम्ही म्हणूनच कोपऱ्यावर कोपरा ठेवून सरळ उभ्या रांगांत चढवतो, आणि गुंतण्याचे काम कडेच्या कोनपट्ट्यांवर व बांधणीच्या पट्ट्यांवर सोपवतो. केळीला १३ अंशांच्या आसपासची थंडी लागते, त्या दमट हवेत पुठ्ठा आणखी मऊ पडतो आणि हवेसाठी ठेवलेल्या भोकांनी तो आधीच कमजोर झालेला असतो. आपल्या मालाला थंडी लागत नसली, तरी पावसाळ्यात गोदामात राहिलेले खोके आणि मे महिन्यातले कोरडे खोके यांत फरक पडतोच. सकाळी उभी असलेली थप्पी संध्याकाळी कललेली मी स्वतः अनेकदा पाहिली आहे. तेव्हा ठेवल्या क्षणी टिकली म्हणून ती टिकली, असे धरू नये.

पांझराकाठ

सर आणि काका, दोघांचेही मनापासून आभार. सरांनी दिलेले ‘अ’ आणि ‘ब’चे उदाहरण आमच्या अपघाताशी जवळजवळ तंतोतंत जुळते, खालचे खोके एका बाजूने अधांतरी होते, हे छायाचित्रात स्पष्ट दिसते आहे. काकांनी सांगितलेली गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. आमच्या प्रतिरूपात प्रत्येक खोके भरीव ठोकळ्यासारखे धरलेले आहे आणि वजन नेहमी मध्यावर. उचलतानाच खोक्याचा गुरुत्वमध्य मोजण्याचा काही मार्ग आहे का? आणि शिकणाऱ्या प्रारूपाबद्दलही कोणी लिहावे, ही विनंती.

गिरणाकाठ (मूळ भडगाव, सध्या पुणे) यांचे उत्तर

मार्ग आहे. रोबोटच्या मनगटात बल आणि पीळ (फिरवणारा जोर) मोजणारा संवेदक बसवला असेल, तर खोके उचलून क्षणभर स्थिर धरायचे. १२ किलोच्या खोक्याचे वजन सुमारे ११८ न्यूटन भरते. संवेदकाने मनगटाच्या आडव्या अक्षाभोवती ३.५ न्यूटन-मीटर पीळ दाखवला, तर ३.५ भागिले ११८, म्हणजे जवळजवळ ३ सेंटिमीटर, इतका गुरुत्वमध्य सक्शनच्या (हवा ओढून खोके धरणाऱ्या पकडीच्या) मध्यापासून सरकलेला आहे. पकडणाऱ्या हाताचे स्वतःचे वजन व पीळ आधी वजा करावे लागतात, आणि गुरुत्वमध्याची उंची कळायची असेल तर खोके थोडे तिरपे करून दुसरे मोजमाप घ्यावे लागते. सपाट थरावर उभ्या रचनेचा तोल पाहण्यासाठी मात्र आडवी दिशाच महत्त्वाची असते.

३ सेंटिमीटर किरकोळ वाटतील, म्हणून सरांच्याच आकड्यांवर पाहू या. ‘ब’ हे २० ऐवजी ३० सेंटिमीटर लांबीचे घ्या आणि ‘अ’च्या उजव्या कडेशी जुळवून ठेवा. त्याचा मध्य २५ वर, दोघांचा मिळून २२.५ वर, आधार २४ पर्यंत. दीड सेंटिमीटर शिल्लक आहे. आता आतले व्हॉल्व्ह ३ सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला सरकले, तर ‘ब’चा मध्य २८ वर, दोघांचा बरोबर २४ वर, आणि शिल्लक शून्य. म्हणून यंत्राकडून केवळ होय-नाही न मागता ‘किती शिल्लक आहे’ हे मागावे. मोजमापात जेवढी चूक संभवते तेवढा प्रत्येक खोक्याचा मध्य चारही दिशांना सरकवून तपासणी पुन्हा करावी, आणि सर्व परिस्थितींत जी जागा टिकते तीच घ्यावी.

शिकणाऱ्या प्रारूपांबद्दल माझे मत थोडे सावध आहे. २०१६ साली फेसबुकच्या संशोधकांनी दोन ते चार लाकडी ठोकळ्यांचे मनोरे पडतील की राहतील हे ओळखणारे प्रारूप संगणकीय प्रतिरूपांवर शिकवले आणि खऱ्या ठोकळ्यांच्या छायाचित्रांवर तपासले. ते बऱ्यापैकी जमले. तेव्हापासून कंटेनर भरण्याच्या कामात अशी प्रारूपे पुष्कळ वापरली गेली. त्यांत थप्पीचा वरून दिसणारा उंचीचा नकाशा आणि नव्या खोक्याची मापे दिली, की प्रारूप कोणत्या जागा सुरक्षित आहेत याचा एक मुखवटा (बाकीच्या जागा झाकून टाकणारा नकाशा) तयार करते आणि निर्णय घेणारा भाग फक्त त्या जागांतून निवड करतो. वेग उत्तम मिळतो. अडचण अशी की, वरून घेतलेल्या नकाशात खालच्या थरांतील पोकळ्या दिसत नाहीत, आणि ताईंचा अपघात नेमका तेथेच घडला आहे. प्रत्येक खोके कोठे ठेवले याची नोंद प्रारूपाला दिली नाही, तर कितीही उदाहरणे दाखवली तरी ते ही गोष्ट शिकू शकणार नाही.

शिवाय दोन प्रकारच्या चुकांची किंमत सारखी नसते. चांगली जागा नाकारली, तर थोडी जागा वाया जाते. वाईट जागा स्वीकारली, तर माणसाच्या पायावर खोके पडते. केवळ अचूकतेच्या टक्केवारीवर प्रारूप निवडले, तर हा फरक त्यात कोठेच उतरत नाही. मी प्रारूपाला पहिल्या चाळणीचे काम देईन, म्हणजे शेकडो जागांतून वीस-पंचवीस निवडण्याचे, आणि शेवटचा होकार सरांनी सांगितलेल्या समतोलाच्या तपासणीकडेच ठेवीन.

सातपुडा_पायथा

गिरणाकाठ यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. एक पुरवणी जोडतो. घर्षण हिशेबात घेतले, की समतोलाचे उत्तर ‘सापडणे’ म्हणजे थप्पी नक्की टिकेल असे होत नाही. ती टिकू शकते, एवढेच सिद्ध होते. म्हणून उभ्या भाराची तपासणी घर्षणाच्या मदतीविना उत्तीर्ण झाली पाहिजे, असा आग्रह धरावा. तसेच सक्शन सोडताना खोके एक-दोन सेंटिमीटरवरून पडते किंवा हात शेजारच्या खोक्याला घासतो, ही गोष्ट समतोलाच्या समीकरणांत येत नाही. भौतिकीचे प्रतिरूप या टप्प्यासाठी अवश्य चालवावे, पण सर्व जागांसाठी चालवत बसण्याऐवजी अखेरच्या दोन-तीन जागांपुरतेच.

मालधक्का

कंटेनर रस्त्याला लागल्यानंतरचे कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आपला माल धुळे, मालेगाव, चांदवड, नाशिक करून कसारा घाट उतरून न्हावाशेव्याला जातो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, श्रम संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा युरोपीय आर्थिक आयोग यांनी मिळून २०१४ साली काढलेल्या मालभरणीच्या संहितेत रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना व मागे ०.५ पट इतका धक्का धरायला सांगितले आहे. खोक्याची रुंदी भागिले उंची ही संख्या धक्क्याच्या पटीपेक्षा कमी असली, तर ते उलटते. ३० सेंटिमीटर रुंद व ६० उंच असे एकटे खोके बाजूच्या धक्क्याला अगदी काठावर असते, आणि ब्रेक दाबल्यावर तर त्याचा निभाव लागत नाही. उभ्या रांगा एकट्या पडू नयेत म्हणून मोकळी फट ठेवायची नाही, हाच त्यावरचा उपाय.

कंटेनर आतून सुमारे २.३५ मीटर रुंद असतो. आपली खोकी ४० बाय ३० ची असतील, तर पाच खोकी ४० च्या अंगाने आणि एक ३० च्या अंगाने लावल्यास २.३० मीटर होतात आणि फक्त ५ सेंटिमीटर उरतात. लांबीकडे १२० सेंटिमीटरांत पहिल्या पाच ओळींत चार-चार आणि सहाव्या ओळीत तीन खोकी बसतात, म्हणजे एका थरात तेवीस. हाच थर वर जसाच्या तसा चढवला, की कोपऱ्यावर कोपराही येतो. आपल्याकडे मिश्र मापे असली, तरी सर्वांत जास्त येणाऱ्या मापासाठी ही रचना रोबोटला आधी सांगून ठेवावी आणि वेगळ्या मापांची खोकी दाराजवळच्या शेवटच्या भागासाठी बाजूला काढावीत.

पांझराकाठ

काल त्या दिवशीच्या नोंदी घेऊन समतोलाची तपासणी चालवली. खोक्यांचे मध्य मधोमध धरले तेव्हा तपासणीने ते खोके स्वीकारले, शिल्लक मात्र एक सेंटिमीटरहूनही कमी दाखवली. प्रत्येकाचा मध्य ३ सेंटिमीटरने सरकवून पाहिल्यावर तपासणीने केवळ ते खोकेच नव्हे, तर त्याच्या आधीचे, अधांतरी ठेवलेले खोकेही नाकारले. मनगटाचा संवेदक मागवण्याचा प्रस्ताव आज दिला आहे. तो येईपर्यंत ३ सेंटिमीटरची चूक गृहीत धरूनच, आणि माणसांना पिवळ्या रेषेबाहेर ठेवूनच, भराई सुरू करणार आहोत.

काका, दाराजवळ वेगळ्या मापांची खोकी ठेवली, तर दार उघडताना ती बाहेर येण्याची भीती वाटते. तेथे आपण जाळी लावता, की लाकडी आडव्या पट्ट्या?

मालधक्का

दोन्ही. आधी उंचीच्या मध्यावर आणि वरच्या तिसऱ्या भागात लाकडी आडव्या पट्ट्या कंटेनरच्या उभ्या खांबांच्या खाचेत घट्ट बसवायच्या, मग जाळी कोपऱ्यांतील कड्यांना ताणून बांधायची. बांधून झाल्यावर दार लावण्यापूर्वी छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे पलीकडे माल उतरवणाऱ्याला काय सोडायचे ते आधीच पाठवता येते.