टाच दुखते, वजन जास्त आहे. सुरुवात कुठून करू?

वय 46, वजन 104 किलो. सात महिने उजवी टाच दुखतेय. सकाळी पहिलं पाऊल टेकवलं की जीव जातो. थोडं चाललं की सैल होते, बसून उठलं की पुन्हा तेच. दोन डॉक्टरांनी पायाला हातही न लावता "वजन कमी करा" सांगितलं. एक्स-रेत म्हणे हाड वाढलंय. चालताच येत नाही, तर वजन कमी कसं करू?

प्रतिसाद 1
मी फिजिओथेरपिस्ट आहे. वजनाने टाचेवर ताण येतो हे खरं, पण "वजन" हे निदान नव्हे. वर्णन प्लांटार फॅशिआयटिसचं वाटतं, म्हणजे टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्याचा जाड पट्टा दुखावलाय. तरी कुणीतरी टाच दाबून बघायलाच हवी. हाड वाढल्याची धास्ती घेऊ नका, काहीच दुखत नसलेल्यांच्या एक्स-रेतही ते दिसतं.

अंथरुणातून उतरण्याआधीच पाय मांडीवर घेऊन बोटं नडगीकडे ओढा. 10 आकडे मोजा, असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. पोट आडवं येऊन पाय मांडीवर येत नसेल तर पाय लांब करा आणि चवड्याला टॉवेल अडकवून ओढा. हे कुणी सांगतच नाही आणि लोक व्यायाम सोडून देतात. घरातही अनवाणी नको. चालण्याऐवजी सध्या सायकल किंवा पोहणं. वेळ लागतो, काही महिने धरा, पण बहुतेकांना ऑपरेशनशिवाय बरं वाटतं. स्टिरॉइडच्या इंजेक्शनची घाई नको; आराम तात्पुरता असतो आणि पट्टा फाटण्याचा धोका असतो.

प्रतिसाद 2
आईचं वर्षभर "टाचदुखी" म्हणूनच चाललं होतं. दुखत होतं घोट्याच्या आतल्या बाजूला, सूजही तिथेच. एका पायावर उभं राहून टाच उचलताच येईना. कमानीला आधार देणारा स्नायुबंध निकामी होऊन पाऊल सपाट झालं होतं. ऑर्थोपेडिकला तुम्हाला उभं करून, मागून पाऊल बघायला सांगाच.

प्रतिसाद 3
साखर तपासलीत का? तळव्यांची जळजळ, मुंग्या, बधिरपणा असेल तर नसांचा त्रास असू शकतो. आणि मधुमेह असताना पाऊल अचानक लाल, गरम होऊन सुजलं, तर दुखत नसलं तरी त्यावर भार टाकू नका, त्याच दिवशी दाखवा.

मूळ प्रश्नकर्ती
साखर दोन वर्षांत तपासलेली नाही, उद्याच करते. घोट्यापाशी दुखत नाही, टाचेच्या तळाशीच दुखतं. पाय मांडीवर येत नाही, पण टॉवेलने जमलं.