मदत हवी आहे : जुलैत चहाला बांझी (वाढ थांबलेले) कोंबच जास्त

आसामात जोरहाटजवळ 4 एकर चहा, टीव्ही-23 क्लोन (कलमांपासून वाढवलेला वाण), झुडपं 9 वर्षांची. दर 7 दिवसांनी दोन पानं-एक कळी खुडतो, पण 100 कोंबांत 40 बांझी. पान जाड, म्हणून कारखाना दर पाडतो. मातीचा सामू (पीएच) 4.8, तिथं गडबड नाही. युरिया-पोटॅश दोन हप्त्यांत दिलं, झिंक सल्फेट फवारलं, फरक शून्य. लाल कोळी ही कीड नाही, सावलीला शिरीष आहेत. खालच्या अंगाला खड्डा घेतला तर दोन फुटांवरच पाणी लागतं, बारीक मुळ्या काळ्या पडलेल्या. पाणी काढायचे चर जेमतेम दीड फूट खोल. डिसेंबरआधी छाटणी शक्य नाही. मग भर पावसातच चर तीन फूट खोल करावेत (कडेची मुळं तुटतील का?), की आधी बांझी मोडून खुडा 5 दिवसांवर आणावा?